रिपोर्ट नॉर्मल, तरी सासूबाई खंगत चालल्या आहेत: वृद्ध स्त्रीची फ्रेल्टी कशी तपासावी?

प्रश्न: माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. आम्ही सांगलीजवळ राहतो. वर्षभरात त्यांच्या हातातल्या बांगड्या सैल झाल्या, चाल मंदावली आणि देवळात जाणे बंद झाले. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, किडनी, छातीचा एक्स-रे असे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि ‘वयोमानाने होतंय’ असे आम्हाला सांगण्यात आले. एका नातेवाइकांनी फ्रेल्टीची तपासणी करून घ्या असे सुचवले आहे. ही तपासणी कशी करतात, घरी काही पाहता येते का, आणि तिचा उपयोग काय?

उत्तर: तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या आहेत आणि तिन्ही नोंदवण्याजोग्या आहेत, पण त्यांतली बांगड्यांची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे वयस्कर बायका घरात वजनकाट्यावर क्वचितच उभ्या राहतात आणि साडीमुळे अंगाची झीज बाहेरून दिसत नाही. वर्षानुवर्षे हातात घट्ट बसलेली बांगडी साबण न लावता निघू लागते, ब्लाउजच्या बाह्या लोंबू लागतात, अंगठीला दोरा गुंडाळावा लागतो, तेव्हा वजन घटल्याचा तो पुरावाच असतो. त्यामुळे तपासणी करायलाच हवी, आणि ‘वयोमान’ या एका शब्दावर थांबू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

फ्रेल्टी म्हणजे एखाद्या अवयवाचा रोग नव्हे. वाढत्या वयात स्नायू, हाडे, मेंदू, हृदय, संप्रेरके आणि प्रतिकारशक्ती या सर्वांची राखीव क्षमता हळूहळू कमी होत असते. ती एकाच वेळी अनेक ठिकाणी इतकी घटते की तीन दिवसांचा ताप, एखादा जुलाब किंवा झोपेची नवी गोळी एवढ्या लहान निमित्ताने माणूस अंथरुणाला खिळतो आणि त्यातून पूर्ववत उठायला आठवडे लागतात, किंवा तो पूर्ववत उठतच नाही. या अवस्थेला फ्रेल्टी म्हणतात. रक्ताच्या तपासण्या एकेक अवयव शांत स्थितीत कसे काम करतो आहे ते सांगतात, अंगात राखीव किती उरले आहे ते सांगत नाहीत. म्हणून सर्व रिपोर्ट नॉर्मल असणे आणि सासूबाई खंगत असणे यांत काहीही विसंगती नाही. त्या तपासण्या करून घेतल्यात हेही योग्यच झाले, कारण खंगण्याची इतर कारणे आधी बाजूला सारावी लागतात.

फ्रेल्टी मोजण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. त्यांतली सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत अमेरिकेत डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली, ६५ वर्षांवरील पाच हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासातून मांडली. तिच्यात पाच निकष आहेत: वर्षभरात प्रयत्न न करता सुमारे साडेचार किलो किंवा ५ टक्के वजन घटणे, सतत थकवा जाणवणे, हाताच्या पकडीची ताकद कमी असणे, चालण्याचा वेग मंद असणे आणि एकूण हालचाल कमी असणे. पाचपैकी तीन किंवा अधिक लागू पडले तर फ्रेल्टी आणि एक किंवा दोन लागू पडले तर फ्रेल्टीच्या आधीची अवस्था असे समजतात. ही आधीची अवस्था ओळखणे फार महत्त्वाचे, कारण तिथून माघारी फिरणे पुष्कळ सोपे असते.

हे पाच निकष आपल्या घरांतल्या बायकांना लावताना प्रत्येक ठिकाणी एक अडचण येते आणि ती ठाऊक नसेल तर मोजमाप फसते. वजनाचे घ्या. सासूबाईंचे वजन ५२ किलो असेल तर ५ टक्के म्हणजे जेमतेम २.६ किलो, एवढी घट डोळ्यांना दिसत नाही आणि जुनी नोंद नसेल तर सिद्धही करता येत नाही. अशा वेळी जुन्या फाइलमध्ये, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या कागदांत, कुठल्या तरी आरोग्य शिबिराच्या कार्डावर वजन लिहिलेले असते का ते शोधावे. उलट बाजूही लक्षात ठेवावी: स्थूल स्त्री फ्रेल नसते असे मुळीच नाही. चरबी तशीच राहून खालचे स्नायू झिजलेले असू शकतात, आणि अशा बायकांकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही.

थकव्याचा निकष विचारून ठरवायचा असतो आणि इथे सर्वांत जास्त चूक होते. ‘थकवा वाटतो का?’ असे सुनेसमोर किंवा मुलासमोर विचारले की बहुतेक बायका ‘नाही हो, मी बरी आहे’ असेच म्हणतात. आपला त्रास सांगणे म्हणजे घरच्यांना खर्चात घालणे, अशी त्यांची पक्की समजूत असते. म्हणून मी हा भाग नेहमी त्यांच्याशी एकट्याने बोलून करतो आणि प्रश्न कामाच्या अंगाने विचारतो. गेल्या आठवड्यात किती दिवस सकाळी उठल्यावर काहीच करू नये असे वाटले? अंघोळ झाल्यावर लगेच आडवे व्हावे लागते का? पूर्वी एका दमात होणारी कोणती गोष्ट आता मध्ये बसून करावी लागते? या प्रश्नांना मात्र खरी उत्तरे मिळतात, आणि कधी कधी त्यांतून थकव्यामागचे दुखणे, म्हणजे पतीच्या निधनानंतरचे एकटेपण किंवा न ओळखलेले नैराश्य, समोर येते.

पकडीची ताकद डायनॅमोमीटर नावाच्या लहानशा यंत्रावर मोजतात. खुर्चीत ताठ बसवून, कोपर काटकोनात ठेवून, दोन्ही हातांनी दोन-तीनदा यंत्र दाबायला सांगतात आणि सर्वांत मोठा आकडा धरतात. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली ठरवलेल्या मर्यादेनुसार स्त्रीची पकड १८ किलोपेक्षा कमी असेल तर ती कमजोर मानतात. प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. आजी यंत्र हातात घेतात, इकडे-तिकडे पाहतात आणि अगदी हलकेच दाबतात. यंत्र बिघडेल अशी भीती असते आणि चारचौघांत जोर लावून दाखवण्याचा संकोचही असतो. काटा ११ वर थांबतो. ‘आजी, घट्ट झाकणाची बरणी उघडायची आहे असं समजा आणि जोरात दाबा’ असे मोठ्याने सांगितले की तोच हात १६ दाखवतो. तपासणाऱ्याने प्रोत्साहन दिले नाही तर संकोच हाच दुबळेपणा म्हणून नोंदला जातो. बोटांचे सांधे सुजलेले असतील तर हा आकडा तसाही भरवशाचा राहत नाही.

चालण्याच्या वेगाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण चालताना हृदय, फुप्फुसे, स्नायू, सांधे, डोळे आणि मेंदू या सर्वांची एकत्र परीक्षा होते. आपल्याकडे मात्र एक मोठा गोंधळ इथेच होतो, तो म्हणजे गुडघ्यांचा. साठीनंतर गुडघे दुखणाऱ्या बायका इतक्या आहेत की मंद चालीचे कारण फ्रेल्टी की संधिवात हे नुसत्या वेगावरून सांगता येत नाही. माझा ठोकताळा असा: चाल मंद आहे, पण पकड चांगली आहे, वजन स्थिर आहे आणि बसून करायची कामे त्या उत्साहाने करतात, तर दोष बहुधा गुडघ्यांचा. चालीबरोबर पकडही गेली, जेवणही कमी झाले आणि बसल्या कामाचाही कंटाळा येऊ लागला, तर गुडघ्यांवर सगळे ढकलू नये. अर्थात गुडघ्यांमुळे हालचाल थांबून वर्ष-दोन वर्षांत खरीखुरी फ्रेल्टी येते हेही तितकेच खरे, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांचा इलाज हा फ्रेल्टीच्या प्रतिबंधाचाच भाग असतो.

पाचवा निकष हालचालीचा. मूळ अमेरिकी अभ्यासातल्या प्रश्नावलीत चालणे आणि घरकाम होते, पण त्यांच्या जोडीला गोल्फ, बोलिंग, टेनिस, लॉनवरचे गवत कापणे हेही होते. आपल्या आजींना यांतले बरेचसे विचारण्यात अर्थ नाही. त्यांना विचारावे ते असे: जमिनीवर बसून भाजी निवडता का आणि हाताचा आधार न घेता उठता का, पिळे भरून ओली साडी पिळता येते का, पाण्याची भरलेली कळशी किंवा बादली उचलता का, माळ्यावरचा डबा काढता का, कुकरचे झाकण स्वतः लावता का, भाकरी थापता का. भारतीय पद्धतीच्या शौचालयातून उठताना नळाला किंवा भिंतीला धरावे लागते का, हा प्रश्न मी कधीच चुकवत नाही, कारण मांड्यांच्या ताकदीबद्दल त्याच्याइतके कोणतेच उत्तर सांगत नाही.

हे विचारताना एक भेद काटेकोरपणे पाळावा लागतो: त्या हे काम करू शकत नाहीत, की त्यांना करू दिले जात नाही? ‘आई, तुम्ही बसा, आम्ही करतो’ हे वाक्य प्रेमाने आणि आदराने म्हटले जाते, पण त्या आदरानेच कित्येक बायकांची दिवसभराची हालचाल वर्षभरात निम्म्यावर येते. सूनबाई म्हणून तुमच्यावर ठपका ठेवण्याचा यात हेतू नाही. तुम्ही त्यांची काळजी घेता म्हणूनच हा प्रश्न विचारला आहे. तरीही कोणते काम कोणत्या महिन्यात, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या प्रसंगानंतर सुटले, याची यादी तुम्ही दोघींनी एकत्र बसून करावी. देवळात जाणे पाय चालत नाहीत म्हणून सुटले, की रस्त्यावर एकदा तोल गेला त्या भीतीने, की लघवी आवरत नाही या लाजेने? तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत. लघवी गळण्याची तक्रार तर बायका वर्षानुवर्षे लपवतात आणि तेवढ्यासाठी पाणी पिणे व घराबाहेर पडणे दोन्ही कमी करतात.

दुसरी पद्धत कॅनडातील डॉ. केनेथ रॉकवुड यांची. त्यांच्या श्रेणीत माणूस रोजचे व्यवहार किती स्वतंत्रपणे करतो ते पाहून एक ते नऊ असा अंक देतात. पाचव्या अंकाला पैशांचे व्यवहार, प्रवास, जड घरकाम यांत मदत लागते आणि सहाव्या अंकाला बाहेरच्या सर्व गोष्टींत व बहुधा अंघोळीतही मदत लागते. रुग्ण आजारी पडून दवाखान्यात आला असेल तर आजची नव्हे, दोन आठवड्यांपूर्वीची स्थिती विचारायची असते. ही श्रेणी सोपी आहे, पण ज्या स्त्रीने आयुष्यात कधी बँकेचा व्यवहार केला नाही, तिला ‘पैशांचे व्यवहार जमत नाहीत’ म्हणून वरचा अंक देणे अन्यायाचे आहे. उलट बाजूने, अमेरिकी संशोधक लॉटन यांच्या १९६९ च्या रोजच्या व्यवहारांच्या मापनात स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणे हे पुरुषांच्या बाबतीत मुळात मोजतच नसत. म्हणजे स्त्री-पुरुषांच्या कामांची वाटणी मापनातच शिरलेली आहे. म्हणून ती स्वतः पूर्वी काय करत होती, त्याच्याशीच आजची तुलना करावी. गणपतीचा नैवेद्य एकटीने करणारी बाई यंदा मोदकाचे सारण विसरली की तिला ते ढवळायला बळ उरले नाही, हा फरक आम्हाला फार काही सांगतो: पहिल्यात स्मृतीची तपासणी हवी, दुसऱ्यात स्नायूंची.

स्त्रियांमध्ये फ्रेल्टी पुरुषांपेक्षा अधिक आढळते आणि तरीही स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त जगतात, हे जगभर दिसून आले आहे. म्हणजे अधिक वर्षे अशक्तपणात काढण्याची वेळ बायकांवर येते. मुळातच स्नायूंचा साठा कमी, रजोनिवृत्तीनंतर हाडांची व स्नायूंची वेगाने होणारी झीज, जीव न घेणारे पण हालचाल बंद पाडणारे संधिवातासारखे आजार, आणि आपल्याकडे सर्वांच्या शेवटी, उरलेल्यावर जेवण्याची सवय, ही त्यामागची कारणे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये सुरू केलेल्या ‘लासी’ या राष्ट्रीय सर्वेक्षणात ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी झाली आणि घरोघरी जाऊन पकड व चालही मोजली गेली. त्यामुळे आता भारतीय स्त्रियांबद्दल परक्या देशाच्या आकड्यांवर पूर्णपणे विसंबण्याचे कारण उरलेले नाही.

आता घरी काय पाहता येईल ते सांगतो. सकाळी, शौचानंतर आणि नाश्त्यापूर्वी, एकाच काट्यावर आणि शक्यतो सारख्याच कपड्यांत वजन घ्या आणि दर महिन्याला लिहून ठेवा. सपाट फरशीवर ४ मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा ओढा. पहिल्या रेघेच्या एक मीटर मागून नेहमीच्या चालीने चालायला सांगा, दुसऱ्या रेघेच्या पुढेपर्यंत जाऊ द्या आणि मोबाइलवर फक्त दोन रेघांमधला वेळ मोजा. सपाता काढून ठेवा, साडीचा काठ घोट्याच्या वर असू द्या. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर वेग सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी आहे आणि पुढची तपासणी हवी असे समजा. त्यानंतर हात नसलेली, भिंतीला टेकवलेली टणक खुर्ची घ्या. दोन्ही हात छातीवर बांधून पाच वेळा उठ-बस करायला सांगा आणि तुम्ही अगदी जवळ उभ्या राहा. १२ सेकंद किंवा अधिक लागले, अथवा हात न टेकता उठताच आले नाही, तर मांड्यांचे बळ कमी झाले आहे. पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने मोजा. स्त्रीची पोटरी ३३ सेंटिमीटरपेक्षा बारीक असेल तर स्नायू झिजल्याची शंका घ्यावी, मात्र पायाला सूज असेल तर हे माप फसवे ठरते. चक्कर येत असेल, नुकताच पडण्याचा प्रसंग घडला असेल किंवा छातीत दुखत असेल, तर यांपैकी कोणतीही चाचणी घरी करू नका.

हे आकडे म्हणजे निदान नव्हे. तपासणाऱ्या डॉक्टरांनी याच्या पुढे जाऊन फ्रेल्टीसारखी दिसणारी पण बरी होणारी कारणे शोधायची असतात, आणि तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत ती अजून पूर्ण शोधली गेलेली नाहीत असे मला वाटते. ब जीवनसत्त्व १२ आणि ड जीवनसत्त्व पाहिले आहे का? तोंडात पाहिले आहे का? कवळी सैल असल्यामुळे भाकरी चावता येत नाही म्हणून चहात बुडवलेल्या बिस्किटांवर राहणाऱ्या आजी मी नेहमी पाहतो. ऐकू कमी येते का, दिसते कसे? झोपून घेतलेला रक्तदाब आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत घेतलेला रक्तदाब यांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरतो का? मधुमेह असेल तर साखर गोळ्यांनी गरजेपेक्षा खाली ओढली जात नाही ना? आणि क्षयरोग किंवा कर्करोग यांची शंका घेण्यासारखे काही, म्हणजे रेंगाळणारा ताप, खोकला, पोटाची नवी तक्रार किंवा रजोनिवृत्तीनंतर अंगावरून जाणे, आहे का? हा शेवटचा प्रश्न बायका आपणहून कधीच काढत नाहीत. तो विचारावाच लागतो.

उपयोगाबद्दल तुम्ही विचारले आहे. एक म्हणजे, फ्रेल्टी ही एकाच दिशेने जाणारी वाट नाही. विशेषतः सुरुवातीच्या टप्प्यावरचे लोक सुधारतात. अमेरिकेतील बोस्टनमध्ये एका वृद्धनिवासातील १०० जणांवर, ज्यांत ६३ स्त्रिया होत्या आणि सरासरी वय ८७ होते, १९९४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग झाला. दहा आठवडे वजने लावून पायांचा व्यायाम करवलेल्यांची स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक झाली, आणि व्यायामाशिवाय नुसते पोषक पेय दिलेल्यांना मात्र तसा फायदा झाला नाही. प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणून दिला की कर्तव्य संपले असे मानणाऱ्या मुलांना मी हा प्रयोग आवर्जून सांगतो. व्यायाम म्हणजे नुसता फेरफटका नव्हे; खुर्चीतून उठ-बस, पायाला वाळूची लहान पिशवी बांधून पाय सरळ करणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, असा ताकदीचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून आठवड्यातून दोन-तीनदा व्हायला हवा.

जोडीला प्रथिने हवीत. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या स्त्रीला ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम आणि मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. पातळ वरणाच्या वाटीत फारच थोडी. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार हे उपास मोडा असे मी कधीही सांगत नाही, पण साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात, म्हणून त्या दिवशी राजगिरा, दही, दूध आणि शेंगदाणे वाढवा असे सांगतो. किडनीचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दुसरा उपयोग निर्णयांचा. उद्या गुडघ्याच्या किंवा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर वय ७६ आहे यापेक्षा फ्रेल्टी किती आहे यावर धोका जास्त अवलंबून असतो. फ्रेल्टी असेल तर शस्त्रक्रिया नाकारायचीच असे नाही. काही आठवडे व्यायाम व आहाराने तयारी करून ती अधिक सुरक्षित करता येते. झोपेच्या, ॲलर्जीच्या आणि लघवीच्या काही गोळ्या फ्रेल स्त्रीला पाडतात, आणि त्या कमी करणे हाच कधी कधी सर्वांत प्रभावी उपचार ठरतो.

तेव्हा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागात, वृद्धरोगांचा स्वतंत्र विभाग असेल तर तिथे, नाहीतर वेळ देऊन ऐकणाऱ्या फिजिशियनकडे सासूबाईंना घेऊन जा. सोबत घरातील सर्व औषधांची पिशवी न्या, त्यात औषधाच्या दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, चूर्णे आणि काढेही असू द्या. वजनाच्या जुन्या नोंदी, चालण्याचा व उठण्याचा मोजलेला वेळ आणि सुटलेल्या कामांची यादी एका कागदावर लिहून न्या. तपासणीच्या वेळी काही मिनिटे त्यांना डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. अचानक गोंधळल्यासारखे वागणे, दोन दिवसांत चालणे बंद होणे, पडल्यानंतर पायावर वजन न घेता येणे किंवा खाणे-पिणे थांबणे यांपैकी काही झाले, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आणि सहा महिन्यांनी त्याच फरशीवर, त्याच दोन रेघांमध्ये पुन्हा वेळ मोजा; मला त्या दोन आकड्यांमधला फरक एका आकड्यापेक्षा कितीतरी अधिक सांगेल.